कशावरून?

आमच्या शाळेत येणाऱ्या मुलांना प्राण्यांचे गट नव्याने शिकवावे लागत नाहीत. ती गट घरूनच घेऊन येतात. सिंधुदुर्गातलं खाडीकाठचं गाव, जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. पहिलीतल्या पोराला काट्याचे मासे कोणते आणि बिनकाट्याचे कोणते, ते ठाऊक असतं. चावणारं काय, नुसतं भिववणारं काय, हेही ठाऊक असतं. सगळ्यांत पक्का गट असतो तो सोमवारी चालणाऱ्यांचा आणि न चालणाऱ्यांचा. त्यात अंडं कुठे बसतं, दूध कुठे बसतं, याबद्दल कोणाच्याही मनात शंका नसते. मला हे वर्गीकरण मनापासून आवडतं. ते स्पष्ट आहे, उपयोगी आहे, आणि मोडलं तर घरी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

मग पुस्तक येतं आणि चौकटी येतात. पाळीव आणि जंगली. शाकाहारी आणि मांसाहारी. जलचर, भूचर, उभयचर. अंडी घालणारे, पिल्लं देणारे. एकापाठोपाठ एक तक्ते भरायचे. मुलं भरतातही, त्यांची पाठांतराला ना नसते. अडचण अशी की या सगळ्या चौकटी त्यांना एकाच मापाच्या वाटतात. गाय पाळीव आहे आणि गाय सस्तन आहे, ही दोन्ही वाक्यं त्यांच्या वहीत एकाखाली एक येतात. पहिलं वाक्य गायीबद्दल कमी आणि आपल्या गोठ्याबद्दल जास्त सांगतं, दुसरं खुद्द गायीबद्दल बरंच काही सांगतं. हा फरक तक्त्यात कुठेच दिसत नाही, आणि माझ्या मते शिकवण्यासारखं जे आहे ते नेमकं तिथेच आहे.

म्हणून आम्ही आधी खेळतो. सुंभाची मोठाली कडी व्हरांड्यात मांडायची. जुन्या कॅलेंडरांतून, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून कापलेली चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवलेली असतात. वाघ-सिंह मी मुद्दाम कमी ठेवते. बांगडा, कुर्ली, पाल, वटवाघूळ, घोरपड, गांडूळ, पैसा, कोंबडी, कासव, खवले मांजर अशी मंडळी जास्त. ज्याने चित्र कड्यात ठेवलं त्याने सांगायचं, कशावरून. बाकीच्यांना पटलं तर चित्र राहतं, नाही तर बाहेर. मी निवाडा देत नाही. सुरुवातीला मुलं माझ्या तोंडाकडे बघतात. मी खिडकीबाहेर बघते.

‘उडतो’ हे कडं नेहमी आधी भरतं. कावळा, घार, खंड्या, मग फुलपाखरू, मग वटवाघूळ. कोंबडी हातात घेतलेलं पोर घुटमळतं. कोंबडी कौलांवर जाते, पण तेवढ्याला उडणं म्हणायचं का? यावर भांडण होतं आणि बहुतेक वेळा कोंबडी बाहेर राहते. म्हणजे कावळा आणि फुलपाखरू एका घरचे, कोंबडी परकी. मुलांना स्वतःलाच ते खटकतं. मग कोणीतरी ‘अंडी घालतो’ असं कडं काढतं. त्यात कोंबडी खुशाल जाते, पण तिच्यामागून कासव, पाल, नाग, बांगडा, झुरळ, कोळी असे सगळे शिरतात आणि कडं पुरत नाही.

एकदा ‘पिल्लं देतो’ या कड्यात मांजर, म्हैस, उंदीर असे सगळे व्यवस्थित बसलेले असताना एका मुलीने त्यात मोरी ठेवली. मोरी म्हणजे आमच्याकडचा छोटा शार्क, मुंबईकडे त्याला मुशी म्हणतात. पोरं हसली. ती हसली नाही. तिची आई मासे विकते. ती म्हणाली, “आईन कापल्यान तेव्हा पोटात पिल्लां होती. माका दाखवल्यान.” आणि तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. आपल्या किनाऱ्यावर सर्रास मिळणाऱ्या छोट्या मोरीच्या पोटात पिल्लं वाढतात, नाळेसारख्या दोरीने आईला जोडलेली असतात आणि जिवंत जन्माला येतात. पिल्लं देतो तो सस्तन, अशी व्याख्या वर्षानुवर्षं घोकली जाते. मासळीबाजारात बसणाऱ्या बाईच्या सुरीपुढे ती एका घावात दोन तुकडे होते.

पिल्लं देतो म्हणून सस्तन नव्हे, दूध पाजतो म्हणून सस्तन. मोरी दूध पाजत नाही. उलट ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडी घालतो आणि त्यातून निघालेल्या पिल्लांना दूध पाजतो. त्याचं कातडं १७९९ च्या सुमारास इंग्लंडात अभ्यासाला आलं तेव्हा जॉर्ज शॉ नावाच्या तज्ज्ञालाही शंका आली, की कोणी बदकाची चोच शिवून तर दिली नाही? ही गोष्ट मी दरवर्षी सांगते, कारण ती ऐकून मुलांना धीर येतो. मोठ्या लोकांनाही प्राणी कुठे ठेवावा हे कळत नाही, याचा त्यांना फार आनंद होतो.

कडी भरून, मोडून, पुन्हा भरून झाली की दुसरा खेळ. मी म्हणते, माझ्या मनात एक प्राणी आहे, तो पाण्यात राहतो. आणखी काय काय सांगता येईल त्याच्याबद्दल? मुलं पटापट बोलतात, त्याला कल्ले असतील, खवले असतील, पाय नसतील. मी प्रत्येक वेळी कुठला तरी प्राणी पुढे करते. कल्ले? सुसरीला नाहीत. खवले? माकुलाला नाहीत. पाय नाहीत? कोळंबीचे मोजा. शेवटी हातात ‘पाण्यात राहतो’ एवढंच उरतं. मग मी म्हणते, आता दुसरा प्राणी, त्याला पिसं आहेत. त्याला चोच असणार. असणार. दोन पाय असणार. हो. अंडी घालत असणार, आणि अंड्याचं कवच टणक असणार. हो. त्याचं अंग गरम असणार. हो, शहामृग घ्या, पेंग्विन घ्या, अंगणातली कोंबडी घ्या. मी एक गोष्ट सांगितली आणि मुलांनी पाच सांगितल्या, त्याही न बघितलेल्या पक्ष्याबद्दल. इथे वर्गात एक विशिष्ट शांतता होते, पोरं स्वतःवरच खूश असतात.

ही गंमत मला सगळ्यात मोलाची वाटते. काही गट असे असतात की त्यात घातलेलंच तेवढं बाहेर निघतं. काही गट मात्र न विचारलेलंही सांगतात. पिसं, दूध, सहा पाय या खुणा दुसऱ्या जातीच्या. सहा पाय म्हटलं की अंगाचे तीन भाग आले, डोक्यावर दोन मिशा आल्या. कोळ्याला आठ पाय, तर मिशा नाहीत आणि अंगाचे भागही दोनच. कुर्लीचे नांग्यांसकट दहा. हे मुलांना सांगायचं नाही, भिंग द्यायचं. आणि असं का होतं, हा प्रश्न मुलांकडून यायची वाट बघायची. तो यायला कधी दोन दिवस लागतात, कधी दोन वर्षं.

आला की मी भाऊबंदांची गोष्ट काढते. कोकणात यापेक्षा सोपं उदाहरण नाही. वाडीत शेजारी राहतो तो भाऊबंद असतोच असं नाही. आणि डोंबिवलीला राहणारा, बूट घालणारा, वेगळं बोलणारा चाकरमानी चतुर्थीला येतो, तो मात्र मूळ घरातला असतो. नाकावरून ओळखू येतो. देवमासा हा असा चाकरमानी. त्याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालत होते, समुद्रात जाऊन राहिले, तिथल्यासारखे झाले. आज जमिनीवरचा त्यांचा सर्वांत जवळचा नातलग म्हणजे पाणघोडा. बांगडा देवमाशाचा शेजारी आहे, भाऊ नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू येऊन अडकलं होतं. लोकांनी त्याच्यावर ओली कापडं टाकली, पाणी ओतलं, मोठी खटपट करून त्याला समुद्रात ढकललं. तरी ते वाचलं नाही. सगळ्यांच्या घरच्या मोबाइलवर ते दृश्य फिरत होतं, त्यामुळे वर्गात दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं. तिसरीतला एक मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, “बाई, मासो पाण्याभायर काढल्यार लगेच मरता. दिवस गेलो तरी ह्यो जिवंत कसो?” पुस्तकातलं ‘देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो’ हे वाक्य मी अनेकदा फळ्यावर लिहिलं असेल. या मुलाला ते कोणी सांगितलं नव्हतं. त्याने पाण्याबाहेर तडफडणारे मासे रोज पाहिले होते, एवढंच.

त्यानंतर आम्ही शेपट्या बघितल्या. बांगड्याची शेपटी उभी, ती डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची आणि डॉल्फिनची आडवी, ती वर-खाली हलते. धावणाऱ्या कुत्र्याची पाठ कशी वर-खाली वाकते ते मुलांनी मैदानात हातापायांवर पळून दाखवलं. शेजारच्या घरातली आजी कुंपणापाशी येऊन विचारून गेली की आज शाळेला सुट्टी आहे काय.

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे दिसणाऱ्यांवर. बेडूक, कासव, सुसर, कुर्ली हे चौघे मुलांच्या हिशेबी एका दाव्याला बांधलेले. मोठ्यांच्याही. मी त्यांना सोडवते ती कासवापासून. आमच्या बाजूच्या किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालायला येतात. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये घरट्यांच्या रक्षणाचं काम सुरू केलं, आता सिंधुदुर्गातही गावोगाव घरटी राखली जातात. मुलांनी पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिलेली असतात. मी विचारते, नर कासव किनाऱ्यावर कोणी पाहिलाय? कोणीच नाही, कारण वाळूतून निघून एकदा समुद्रात गेलेला नर सहसा परत येतच नाही. मादी येते ती खड्डा खणून शंभरेक अंडी घालण्यापुरती. मग दोन्हीकडे राहतं ते कसं? तरी ते मासा नाही, त्याला वर येऊन श्वास घ्यावा लागतो. जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिलं तर बुडून मरतं, हे ज्यांच्या घरी होडी आहे त्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. अंगावर कोरडी खवल्यांची कातडी, फुप्फुसं, कवचाची अंडी. सुसर, साप, पाल यांचा भाऊबंद.

बेडकाचं तसं नाही. त्याच्या अंड्याला कवच नाही, कातडी ओली आणि नागडी, तिच्यातून तो श्वासही घेतो. पावसाळ्यात खाचरातून आणलेली बेडूकमासळी काचेच्या बरणीत ठेवली की कल्ले, मग मागचे पाय, मग पुढचे, आखडणारी शेपटी, सगळं दिसतं. पण इथेही घाई करून नियम करू नये, कारण आंबोलीच्या झुडपांतले काही चिमुकले बेडूक शेपटीवाल्या पिल्लाची पायरीच गाळतात. अंड्यातून सरळ इवलासा बेडूक बाहेर येतो. त्याच आंबोलीतून २००३ मध्ये देवगांडुळाची एक नवी जात नोंदली गेली. देवगांडूळ दिसतं गांडुळासारखं, लोक मारतात साप समजून, आणि नातं आहे बेडकाशी. पाय नाहीत, मातीत राहतं. मुलांना चित्र दाखवलं की ती ते सापाच्या कड्यात ठेवतात, मीही पहिल्या झटक्यात तिथेच ठेवीन.

कुर्ली या मंडळींत कोणाचीच कोणी नाही. तिला पाठीचा कणाच नाही. आणि खाडीच्या चिखलात उड्या मारत फिरणारी निवटी? ती पाण्याबाहेर राहते, ओल्या कातडीतून श्वास घेते, परांवर रेटत चालते. पण ती मासाच आहे. निवटीवर आमच्याकडे एकदा जवळजवळ आठवडा गेला. पोरांनी भरतीची वेळ बघून दप्तरं टाकली आणि खाडीवर बसून राहिली. पालकांना वाटलं, निवट्या पकडायला गेली असणार. त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता.

रक्ताची गोष्टही इथलीच. एका मुलाने कड्याचं नाव सांगितलं, ‘रक्त नाय ते’. त्यात कुर्ली, कोळंबी, माकूल, तिसऱ्या, मुंगी. कापताना लाल काही निघत नाही, म्हणून. आता खेकड्याला रक्त असतं, फक्त त्यात लोहाऐवजी तांब्याचा अंश काम करतो आणि ते निळसर दिसतं. पण मुलाने पाडलेली फट मात्र अगदी जागच्या जागी होती. ग्रीसमध्ये दोन हजार तीनशे वर्षांमागे अॅरिस्टॉटलने प्राण्यांचे दोन मोठे भाग केले ते असेच, रक्ताचे आणि बिनरक्ताचे. लेस्बॉस बेटावरच्या खाडीकाठी राहून त्याने मासे, माकूल, खेकडे बघितले, कोळ्यांना विचारून माहिती घेतली. डॉल्फिन पिल्लाला दूध पाजतो, हे त्याने लिहून ठेवलं आहे. त्याला माहिती देणारे आणि माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप एकाच धंद्यातले, याचं मला फार बरं वाटतं.

गंमत म्हणजे पुढे लोक हे विसरले. स्वीडनच्या लिनियसने १७३५ मध्ये प्राण्यांची मोठी यादी छापली तेव्हा देवमासा माशांतच होता. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने तो काढून दूध पाजणाऱ्यांत आणला. त्याच आवृत्तीत त्याने मोरी आणि पाकट मात्र बेडूक-सापांबरोबर ठेवले. आणि ज्यांचं काय करावं ते कळलं नाही असे गोगलगाय, माकूल, जळू, गांडूळ सगळे ‘कृमी’ या एका टोपलीत टाकले. आमच्या व्हरांड्यातही खेळ संपताना असं एक कडं असतंच. मुलं त्याला ‘बाकीचे’ म्हणतात.

या बाकीच्यांबद्दल माझी पुस्तकांशी जुनी तक्रार आहे. आजवर नावं दिलेले किडेच सुमारे १० लाख जातींचे आहेत. पक्षी ११ हजारांच्या आसपास, दूध पाजणारे साडेसहा हजार. पण तक्त्यावर वाघ, हत्ती, गाय, घोडा यांना ऐसपैस जागा आणि बिनकण्याच्या सगळ्या जगाला खालचा एक कोपरा. आमच्या मुलांच्या तर ताटात आणि पायाखाली तेच जग जास्त. माकूल आणि तिसरी भाऊबंद आहेत म्हटलं की कोणी विश्वास ठेवत नाही. मग मी किनाऱ्यावर सापडणारा समुद्रफेस दाखवते, पांढरा, हलका, बोटाने चुरणारा. तो माकुलाच्याच एका जातीच्या पाठीतला, म्हणजे अंगाच्या आत गेलेला शिंपला. होडी किनाऱ्यावर ओढली की तळाला चिकटलेले पांढरे खडबडीत सुळके खरवडावे लागतात. बार्नेकल. सगळ्यांना ते शिंपल्याचे नातलग वाटतात, शास्त्रज्ञांनाही वाटत होते. १८३० च्या सुमारास त्यांची पिल्लं पोहताना दिसली आणि ती निघाली कोळंबी-खेकड्यांच्या पिल्लांसारखी. म्हणजे बार्नेकल हा डोकं दगडाला चिकटवून बसलेला कुर्लीचा चुलत भाऊ. डार्विनने या बार्नेकलांचे गट लावण्यात आठ वर्षं घालवली, १८४६ ते १८५४. हे ऐकून एक बाप म्हणाला, आमी सगळो जन्म खरवडण्यात घालवलो, आमका कोण विचारता?

सहा-सात वर्षांच्या मुलांना यातलं किती द्यावं? माझ्या हिशेबाने पिसं, दूध आणि पाय मोजणं, एवढं भरपूर झालं. पृष्ठवंशी वगैरे शब्द चौथीपर्यंत थांबले तरी बिघडत नाही. माशांच्या गटाच्या खोलात तर मी शिरतच नाही, कारण तो गट आतून ढिला आहे. फुप्फुसांचे मासे म्हणून जे आहेत ते बांगड्यापेक्षा आपल्याला जवळचे. सुसर मात्र पालीपेक्षा कोंबडीला जवळची, हे मी सांगून टाकते. ते ऐकल्यावर मुलं कोंबडीकडे थोड्या आदराने बघतात.

घरच्या मोठ्यांना हा सगळा उद्योग नवा नसतो. भजनात चार खाणी येतात, जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज. एका आजोबांनी मला बजावलं होतं की उवा या स्वेदज, घामातून होतात. त्यांच्या सुनेने लगेच विचारलं, मग माझ्या पोरीच्या केसांतल्या लिखा कसल्या? आजोबांनी तंबाखूची डबी उघडली आणि उवा अंडजांत गेल्या.

तेच आजोबा पुढे एकदा शाळेच्या पायरीवर बसलेले असताना दूध पाजणाऱ्यांच्या कड्यात माणूस ठेवायचा की नाही यावर वाद चालला होता. दर वर्षी होतो. ‘माणूस प्राणी नसता’ असं ठणकावून सांगणारं एक तरी पोर असतंच. मग केस, दूध, पोटातलं बाळ असं एकेक निघतं आणि माणूस आत जातो. त्याच्या शेजारी माकड ठेवलं गेलं, मी म्हटलं हो, हे तर आपले फार जवळचे भाऊबंद. त्या वर्षी माकडांनी आणि वानरांनी गावातली केळी, नारळ, परसातले भोपळे काही ठेवलं नव्हतं. आजोबांचा नातू चिडून म्हणाला, “भाऊबंद? मगे आमच्या बागेत येवन इतक्या नुकसान कित्या करतत?”

आजोबांची वाटणीची केस गेली कित्येक वर्षं कोर्टात आहे. ते मान वर न करता म्हणाले, “भाऊबंदच असतले. त्याशिवाय एवढा नुकसान कोण करतलो?”